सुपाऱ्यांची पलटण

खोक्यावरच्या किमतीच्या चिठ्ठीची एक कड उचलली गेली होती, आणि उचललेली कड दिसली की राजाराम घागच्या अंगठ्याचं नख आपोआप तिथे जाई. सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. कागद कागदावर नीट बसलेला नसला की त्याला अजूनही चैन पडत नसे. दादरच्या त्या दुकानात, थंडगार हवेत, भिंतभर रचलेल्या खोक्यांपुढे उभं राहून त्याने नख आत सरकवलं. आठ हजार नऊशेची चिठ्ठी अलगद सुटली. खाली पाच हजार सहाशेची. तिच्याखाली, पिवळट पडलेली, तीन हजार आठशेची. खोकं तेच. आतले सैनिकही तेच आणि तेवढेच. बोटभर उंचीचे, राखाडी प्लॅस्टिकचे, तुकड्यातुकड्यांनी चौकटीला चिकटलेले. घरी नेऊन ते कापायचे, जोडायचे, एका केसाच्या ब्रशने रंगवायचे आणि रविवारी टेबलावर उभे करायचे. काउंटरवरची मुलगी आपुलकीने सांगत होती की डॉलर चढलाय, ड्यूटी वाढलीय, पुढच्या लॉटला अजून वाढेल, तेव्हा काकांनी आत्ताच घेऊन टाकावं. राजारामला गरीब झाल्यासारखं वाटलं नाही. हे त्याला तिथल्या तिथे जाणवलं आणि बरं वाटलं. त्याला वाटलं ते एवढंच, की इथे मजकुरात चूक आहे. मूळ प्रत न बघता कुणीतरी नुसते आकडे दुरुस्त करत गेलंय. त्याने वरची चिठ्ठी पुन्हा बसवली, चारी कडांवरून नख फिरवलं आणि खोकं जागेवर ठेवलं.

बाहेर आल्यावर मात्र पाय कुठल्या दिशेला न्यायचे ते कळेना. लालबागला घरी जायचं तर बस उजवीकडे होती. पण रिकाम्या हाताने घरी जाणं म्हणजे येत्या रविवारी खेळाच्या क्लबात न जाणं, आणि एका रविवारी गेला नाही की दुसऱ्या रविवारी जाणार नाही, हे त्याला आपल्याबद्दल पक्कं ठाऊक होतं. इतर सगळ्या ठिकाणी तो दारात उभा राहून आत येऊ का विचारणारा माणूस होता. बँकेत, दवाखान्यात, पुतणीच्या सासरी. त्या एका टेबलापाशी तो विचारत नसे. तिथे टेकड्या मांडलेल्या असत, मध्ये थर्माकोलचा पूल असे, टेपने अंतर मोजून सैनिक पुढे सरकवायचे आणि फासे टाकून मारायचे नाहीतर मरायचे असत. कुठली पलटण कुठे थांबवायची आणि कुठली मुद्दाम मरायला पाठवायची, याबद्दल राजारामच्या मनात कधी शंका आली नव्हती. परदेशातली ती कंपनी दर दोन-तीन वर्षांनी नियमांचं नवं पुस्तक काढी. या वेळच्या पुस्तकाने पलटण दुप्पट केली होती. सेनापती घोड्यावरच पाहिजे, असंही त्यात होतं. घोडा आणि सेनापती वेगळ्या खोक्यात येत, आणि त्या खोक्याची चिठ्ठी राजारामने नखाने उचलूनही पाहिली नव्हती. थोडक्यात, त्याचं निम्मं सैन्य अजून छापायचं राहिलं होतं. तो फुलबाजाराच्या बाजूला वळला, झेंडूच्या ढिगांतून वाट काढत, आणि पूजेच्या सामानाच्या एका दुकानापुढे उभा राहिला. कशासाठी उभा राहिला हे त्याला थोडं उशिरा कळलं. दुकानदाराने विचारलं, नवग्रह की वास्तू? राजाराम म्हणाला, मोठं कार्य आहे. आणि पूजेच्या सुपाऱ्या मागितल्या, त्या लहान, कडक, खाण्याच्या कामाच्या नसतात त्या, पिशवी भरून. दुकानदाराने हात जोडले. एवढे देव ज्या घरात येणार त्या घराबद्दल त्याला आदर वाटला असावा.

सुपारी काय काय होऊ शकते हे राजारामला गेल्या महिन्यातच कळलं होतं, म्हणजे कळलेलं होतंच, पण अंगाला लागलं गेल्या महिन्यात. धाकटा भाऊ लवू जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याची मुलगी अनुजा, तिचं लग्न परळच्या हॉलमध्ये. कन्यादान मोठ्या काकाने करायचं ठरलं. भटजींनी विचारलं, काकू कुठे आहेत? कुणीतरी हळूच सांगितलं. भटजी अजिबात थांबले नाहीत. चष्मा वर सरकवून म्हणाले, मग सुपारी घ्या, कमरेला खोचा. आणि विधी पुढे सुरू झाला. त्याच्या बायकोला, कौसल्येला, जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि ती सगळी सकाळ राजारामच्या धोतराच्या निऱ्यांपाशी, डाव्या अंगाला, एवढीशी होऊन टोचत राहिली. पाणी सोडायला वाकलं की टोचे. सरळ झालं की सैल पडे. त्याच्या डाव्या बाजूचा पाट रिकामाच होता, पण आल्यागेल्या बायका त्या पाटाला वळसा घालून जात. कुणी त्यावर ताट ठेवलं नाही, कुणी पोर बसवलं नाही. मुलीची आई शेवंती, लवूची बायको, विधवा म्हणून जरा लांब उभी होती. मध्येच ती वाकून कुजबुजली, "भावोजी, जाऊबाई घसरतायत. आत खोचा." तिने ते विनोदाने म्हटलं नव्हतं आणि रडूनही म्हटलं नव्हतं. पदर घसरल्याचं सांगावं तसं म्हटलं होतं. राजारामने सुपारी आत खोचली. संध्याकाळी गिरगाव चौपाटीला जाऊन त्याने ती पाण्यात सोडली, भटजींनी सांगितल्याप्रमाणे. ठेवून घ्यावी असं त्याच्या मनातही आलं नाही. काम झालं होतं. आवाहन केलं तेव्हा ती कौसल्या होती, विसर्जन केल्यावर सुपारी होती, आणि मधल्या वेळात तिच्याबद्दल कुणी एका अक्षराने शंका घेतली नव्हती. या गोष्टीचं त्याला परतीच्या बसमध्ये फार नवल वाटलं होतं, आणि त्याहून जास्त, एक प्रकारचा आधार.

क्लबची खोली दादरलाच, रानडे रोडच्या मागे, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. पूर्वी तिथे कॅरम चाले. बोर्ड अजून भिंतीला टेकून उभे होते आणि खोलीला बोरिक पावडरीचा वास होता. रविवारी दुपारी राजारामने आपली रंगवलेली पलटण टेबलावर मांडली, निळ्या डगल्यांची, पितळी बटणांची. मग पिशवी उघडली आणि पाठच्या रांगांत आणि डाव्या बाजूला एकेक सुपारी बसवायला घेतली. गडगडू नये म्हणून प्रत्येकीच्या बुडाला मेणाचा ठिपका लावून आणला होता. शेवटी एक सुपारी मागच्या टेकडीवर, एकटी. शंतनुने, म्हणजे लोअर परळच्या एका मोठ्या कचेरीत काम करणाऱ्या आणि दर परदेशवारीत बॅगभर सैनिक आणणाऱ्या मुलाने, टेकडीकडे बोट दाखवलं. "काका, हा कोण?"

"ही सेनापती," राजाराम म्हणाला.

शंतनु हसला. सेनापती पुल्लिंगी असतो, काका, तुम्हीच आमच्या पोस्टरवरच्या चुका काढता ना. राजाराम म्हणाला, सुपारी स्त्रीलिंगी आहे. ते खरंच होतं आणि त्याने विषय मिटला; पण तोंडातून 'ही' निघालं त्या क्षणी त्याच्या डोक्यात सुपारीचं लिंग नव्हतं. वाक्य पुढे गेल्यावर मागची चूक दिसावी तसं ते त्याला दिसलं. दुरुस्त करावं असं वाटलं नाही.

टेबलाच्या पलीकडे गौतम उभा होता. तो हसला नव्हता. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला, परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढणारा, बत्तीस वर्षांचा गडी. त्याचं सैन्य तांबड्या डगल्यांचं. त्या सैन्याकडे राजाराम दर वेळी आधी नुसता बघत बसे. प्रत्येक चेहऱ्याला डोळे होते. काहींनी दाढी दोन दिवस केलेली नव्हती, तीही रंगात दिसे. क्लबचा नियम साधा होता. नसलेल्या सैनिकाच्या जागी दुसरं काही ठेवायचं तर समोरच्याने हो म्हटलं पाहिजे. तो नाही म्हणाला तर खेळ नाही. आणि नव्या पुस्तकाप्रमाणे अपुरं सैन्य घेऊन उभं राहताच येत नव्हतं. म्हणजे गौतमच्या एका शब्दावर राजारामचा रविवार होता, आणि पुढचे सगळे रविवार. गौतम सुपाऱ्यांच्या रांगांवरून नजर फिरवत होता, एक्स-रेची फिल्म उजेडात धरून बघावी तशी.

"नाही चालणार, काका," तो म्हणाला.

शंतनु लगेच मध्ये पडला. त्याच्याकडे कपाटभर सैनिक पडून होते, निळेसुद्धा, घोड्यावरचा सेनापतीसुद्धा. काकांनी घ्यावेत, परत नाही दिले तरी चालतील. गौतम म्हणाला, ते चालेल मला. दोघंही राजारामकडे बघू लागले. आणि राजारामला, ज्याला दुकानात सुटे पैसे परत मागायचाही संकोच वाटे, आपला आवाज स्वच्छ ऐकू आला. "दुसऱ्याची माणसं मरायला पाठवायची मला सवय नाही." तो पुढे म्हणाला की गौतमने एक फेरी खेळावी, फक्त एक, आणि मग सांगावं. तेव्हाही नाही म्हणाला तर आपण पिशवी उचलून जाऊ, त्याबद्दल मनात काही ठेवणार नाही. गौतमने खांदे उडवले. ठीक आहे, एक फेरी. त्याने फासे खळखळवले.

पहिली चाल गौतमची. त्याच्या तोफा पुलापलीकडून निळ्या डगल्यांवर आग ओकू लागल्या आणि राजारामची पुढची रांग पडायला लागली. नियमाप्रमाणे आपली माणसं आपणच उचलायची असतात, समोरच्याने हात लावायचा नाही. राजाराम एकेकाला उचलून बाजूच्या ताटलीत आडवं ठेवत होता. आज किती मेली, असं कौसल्या विचारायची. रविवारी संध्याकाळी तो घरात शिरला की चपला काढायच्या आत हा प्रश्न. बरीच मेली म्हटलं की ती म्हणायची, मग नीट जेवा, आणि भात जास्त वाढायची. जिंकलात का, असं तिने कधी विचारलं नाही. जिंकण्याचं तिला काही वाटत नसे, पण मेलेल्यांबद्दल तिला उत्सुकता होती. तिच्या लेखी ती 'तुमची माणसं' होती, खेळणी नव्हेत. धूळ झटकताना ती त्यांना अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत खांद्याला धरी, डोक्याला कधी नाही. तिच्या नावावरून लग्नात केवढा हशा झाला होता. रामाची आई कौसल्या, आणि या राजारामाची बायको कौसल्या. वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं की नाव बदलायचं, जानकी ठेवायचं, म्हणजे सगळं जागच्या जागी बसेल. ताटात तांदूळ पसरले, त्याच्या हातात अंगठी दिली, लिही म्हणाले. सगळे वाकून बघत होते. तेवीस वर्षांचा, मोठ्यांसमोर मान वर न करणारा राजाराम, त्याने अंगठीने तांदळात अक्षरं ओढली, को नव्हे, कौ, दोन मात्रांसकट, स आणि ल्या. तांदळात दुसरी मात्रा बुजत होती म्हणून परत ओढली. आत्या म्हणाली, अरे हे तर जुनंच. तो म्हणाला, बरोबर आहे ते, दुरुस्ती नको. ती खाली मान घालून बसली होती; पण तिच्या खांद्यांवरून त्याला कळलं की ती हसते आहे. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला कशाची तरी खात्री आहे असं त्याला तेव्हा वाटलं होतं, आणि ती खात्री नावाबद्दल होती की त्या वाकलेल्या खांद्यांबद्दल, हे त्याने पुढे कधी वेगळं करून पाहिलं नाही.

गौतमने पुन्हा टेप लावली. पुन्हा निळ्यांवर. राजारामच्या डाव्या बाजूला सुपाऱ्यांची अख्खी पलटण उघड्यावर उभी होती, तोफेच्या समोर, कुठलाही शहाणा माणूस आधी तिलाच उडवेल अशी. गौतमने तिकडे पाहिलंही नाही. राजारामने आपल्या चालीत ती पुढे सरकवली, मुद्दाम, आणखी उघड्यावर. एकेक सुपारी उचलायची, टेपच्या खुणेवर ठेवायची, मेण दाबायचं. हाताला ते काम ओळखीचं होतं. गिरगावातल्या त्यांच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर छापत, एकेक अक्षर म्हणजे एकेक खिळा, आणि झिजलेले खिळे बादलीत टाकून वितळवत. राजारामचं पहिलं सैन्य त्या बादलीतलं. मूळव्याधीच्या जाहिराती, लग्नपत्रिका, देवस्थानांच्या पावत्या, हे सगळं वितळवून प्लॅस्टरच्या साच्यात ओतलं की भालाईत निघे. एका साच्यात चारपाच उकारवेलांट्या सहज खपत. दमडीही लागली नव्हती. मग ऑफसेट आलं, छापखाना गुंडाळला, मालकाने शिल्लक शिसं वजनावर काढलं. आणि राजाराम दोन पिशव्या घेऊन स्वतःहून गेला, कारण ते शिसं छापखान्याचंच होतं. सैनिक तराजूत गेले. तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं का? आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की पारड्यात पडताना ते उभे राहिले नाहीत. ढीग झाला. उभे असेपर्यंत सैनिक, आडवे झाल्यावर शिसं. सुपारीचंही तेच आहे, त्याला आता वाटलं, आणि माणसाचंही बहुधा तेच असावं. पण हा विचार जरा फार सुबक झाला म्हणून त्याने तो सोडून दिला आणि टेबलाकडे पाहिलं.

टेबलावर भलतंच झालं होतं. निळे डगले जवळजवळ संपले होते. आणि सुपाऱ्या पुलाशी पोचल्या होत्या, एकही न पडता. आता त्याने फक्त हात पुढे करायचा, पलटण पुलावर चढवायची आणि गौतमच्या तोफा मागून पकडायच्या. डाव त्याचा होता. शंतनु शीळ घालून म्हणाला, काका, गेम. राजारामने हात पुढे केला आणि मागे घेतला. लग्नाच्या हॉलमध्ये लोक रिकाम्या पाटाला वळसा घालून गेले, तेव्हा तिथे कुणीतरी बसलेलं होतं म्हणून गेले. इथे गौतम वळसा घालत होता तो तिथे कुणी नाही म्हणून. दोन्ही वळसे दिसायला सारखेच.

"मी पुढे जात नाही," राजाराम म्हणाला. "तू ह्यांच्यावर गोळी झाडलेली नाहीस."

"ह्यांच्यावर म्हणजे ह्या सुपाऱ्यांवर?"

"माझ्या पलटणीवर. उघड्यावर होते सगळे."

गौतमने टेप खिशात ठेवली. हळूहळू, एकेक शब्द जोडत तो बोलू लागला. "जे नाही त्याला मारू कसं, काका? आमच्याकडे माणूस गेला की आम्ही फोटो लावतो. फोटोत तो दिसतो तरी. सुपारीत कोण दिसतं?"

"कोणी दिसत नाही," राजाराम म्हणाला. "म्हणूनच ठेवतात. ती काही त्याच्यासारखी दिसायला ठेवत नाहीत. त्याच्या जागेवर दुसऱ्या कुणी बसू नये म्हणून ठेवतात."

गौतम म्हणाला, ते असेल, पण त्याला खुपतंय ते वेगळंच. आणि ते सांगताना तो राजारामकडे नाही, आपल्या तांबड्या डगल्यांकडे बघत होता. त्याने एकेक खोकं रात्रपाळ्या जास्तीच्या घेऊन आणलं होतं. मुलगी झाली त्या वर्षी एकही आणलं नाही. प्रत्येकाचे डोळे रंगवताना श्वास धरावा लागतो. घरात मध्येच कुणी दार लोटलं की डोळा बिघडतो, मग तो खरवडून परत. "आणि तुम्ही किलोवर माणसं आणलीत," तो म्हणाला. "आणून माझ्यासमोर उभी केलीत. ती जर माझ्याइतकीच खरी, तर मग मी येडा ठरलो ना, काका?"

शंतनु कॅरमच्या बोर्डावरची पावडर बोटाने पुसत राहिला. चिठ्ठ्या लावणाऱ्यांचा राग धरणं सोपं होतं, आणि राजारामने तो आठवडाभर मजेत धरला होता. समोर उभा होता तो माणूस वरच्या चिठ्ठीची किंमत देऊन आला होता, आणि त्याच्यापुढे खालची चिठ्ठी उघडून दाखवणं म्हणजे शहाणपणा मिरवणं होतं. हे आधी आपल्या लक्षात का आलं नाही? आपल्याला वाटलं होतं की आपण नियमाशी भांडतो आहोत. एरवी अशा वेळी तो चाचरत माफी मागून पिशवी आवरायला लागला असता. पण टेबल समोर होतं, आणि टेबलापाशी त्याला शब्द सापडत.

"तुझे सैनिक देखणे आहेत," तो म्हणाला. "त्यांच्याशी लढायला मिळावं म्हणून हे घेऊन आलो. नाहीतर घरी एकट्याने खेळलो असतो. तिथे मला नाही म्हणायला कोण आहे? तू ह्यांना मारत नाहीस म्हणून हे फुकटात पुलापर्यंत आले. फुकटात आलेलं मलाही नकोय. तू मार. मग प्रत्येक सुपारी उचलताना ती मला केवढ्याला पडते ते तूच बघ."

गौतमने नाकाने श्वास सोडला. मग त्याने एक अनपेक्षित गोष्ट केली. आपल्या मधल्या पलटणीत, अगदी बरोब्बर मधोमध, एक हिरवं झुडूप होतं, स्पंजचं, सैनिकांच्या खांद्याला लागेल एवढं. राजारामने ते नेहमी सजावटीतलं धरलं होतं, आणि मनात थोडं नावाजलंही होतं. गौतमने ते दोन बोटांनी उचललं. खाली रिकामी जागा होती, एका माणसाची.

"निशाणवाला," तो म्हणाला. "वेगळ्या खोक्यात येतो. नवीन वर्षापासून बघतोय. जरा पैसे जमवले की किंमत वर सरकते." त्याने झुडूप खिशात टाकलं, टेपवर. "आणि हे कोणाला सांगितलेलं नाही. त्या शंत्याला तर नाहीच, नाहीतर उद्या घेऊन येईल."

"मी इथेच आहे हां," शंतनु म्हणाला.

"माहितेय. आणू नको." आणि गौतमने टेबलावरून हात पुढे केला, तळवा वर. "द्या एक."

राजारामने पिशवीत हात घातला. आत उरलेल्या सुपाऱ्या होत्या, सगळ्या सारख्या. त्याने निवडली नाही, हाताला लागली ती दिली. गौतमने ती रिकाम्या जागी ठेवली तशी ती गडगडली आणि एका तांबड्या सैनिकाच्या पायाला लागून थांबली. राजारामने शर्टाच्या खिशातली मेणाची गोळी काढून दिली. गौतमने ती अंगठ्याने मळली, सुपारीच्या बुडाला लावली, सुपारी दाबून बसवली, मग खाली वाकून, डोळे टेबलाच्या पातळीवर आणून, रांग सरळ आहे का ते पाहिलं. चेहऱ्यांच्या त्या सुंदर गर्दीत ते एक गोल, तपकिरी, बिनचेहऱ्याचं काहीतरी उभं होतं. ते कुणासारखंच दिसत नव्हतं.

"झालं?" राजारामने विचारलं.

"झालं. हा निशाणवाला."

हा. राजारामच्या कानाने ते टिपलं. मग त्याने आपली टेप काढली, पुलाजवळच्या पलटणीपासून धरली, तांबड्यांच्या मधल्या रांगेपर्यंत ताणली, आणि आपली सगळी आग त्या एकट्या निशाणवाल्यावर लावली. निशाण पडलं की पलटणीचा धीर सुटतो, आणि इतकी चांगली संधी कुठला सेनापती सोडेल? शंतनु म्हणाला, "काय हो काका, आत्ताच दिलात ना त्याला?" राजारामने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने फासे टाकले. चांगले पडले. गौतमने वाचवायचे फासे हातात बराच वेळ घोळवले, ओठांशी नेऊन त्यांवर फुंकर मारली, जी तो कधी मारत नसे, आणि टाकले.

"मेला," तो म्हणाला. आपल्या हाताने सुपारी उचलून त्याने बाजूला, आपल्या मेलेल्यांत ठेवली. मग मान वर केली तेव्हा त्याचे डोळे बारीक झाले होते, आणि राजारामला अंगभर एक जुना, स्वच्छ आनंद जाणवला, कारण आता समोरचा माणूस खरोखर खेळायला लागला होता. गौतमच्या तोफा वळल्या. पुलाजवळची पलटण पडायला लागली, पहिली रांग, मग दुसरी. राजाराम एकेक उचलत होता, चिमटीत धरून, आणि ताटलीत निळ्या डगल्यांच्या शेजारी ठेवत होता. ताटली भरत गेली. उरलेल्या रांगांत एक फट उघडली, आणि त्या फटीतून मागची टेकडी दिसू लागली. गौतमला ती राजारामच्या आधी दिसली. त्याने टेप घेतली, तोफेपासून लावली आणि टेबलावरून पुढे ओणवा झाला. पण टेकडी लांब होती, हात पुरेना, आणि आडवं पडावं तर मधला पूल मोडला असता.

राजाराम पुढे झाला. त्याने टेपचं टोक गौतमच्या हातातून घेतलं, उरलेल्या पलटणीवरून अलगद पलीकडे नेलं आणि टेकडीवर, सेनापतीच्या पायाशी टेकवलं.

"नीट धरा, काका," गौतम पलीकडून म्हणाला. "हलवू नका."

"नाही हलवत," राजाराम म्हणाला. "मोज."